शाबूत दोरे

सन दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आधार कार्डावर अडुसष्ट आहे, पण ती कार्ड काढणाऱ्याची चूक, माझी नव्हे.

शाळा म्हणाल तर तिसरी. तिसरीत मास्तरांनी पाढ्यावरून कान पिळला, मी दप्तर तिथंच ठेवून घरी आलो ते आलोच. वाचायला मात्र नंतर सुताच्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकलो. हे लिहितोय ते माझ्या हातानं. ओळी वाकड्या होतात. सून म्हणाली, मामा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, वाकडं असलं तरी माझं असू दे.

मी जॉबर. आमच्या सोलापुरात कारखाना म्हटलं की मागांची शेड. आमच्या शेडमधे चोवीस माग, टॉवेल निघायचे. विणकर माग चालवतो, आणि माग आजारी पडला की जॉबर त्याला बरा करतो. चौपन्न वर्षं मी तेच केलं. आणि अनवाणी केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या अनवाणी पायाचंच आहे.

माग कानानं ओळखता येत नाही. चोवीस माग एकदम चालू असले की आवाजाचा नुसता गोंधळ, त्यातनं एकाचा आवाज काय वेगळा काढणार? पण फरशी खोटं बोलत नाही. मागाजवळ उभं राहायचं, टाच टेकवायची, डोळे मिटायचे. चांगला माग टाचेत दोन ठोके देतो, सारखे. धोटा मारणारा पट्टा सैल झाला असला तर दुसरा ठोका जरा मागं राहतो. आणि बेअरिंग झिजलं असलं तर ठोके येतच नाहीत, तळव्याला मुंग्या येतात. माझ्या उस्तादानं मला हे शिकवलं, आणि मी कितीतरी जणांना शिकवलं. नवे जॉबर बूट घालून यायचे तेव्हा मी त्यांना म्हणायचो, "नाडी बघायला आलास का लग्नाला?"

आता माझी चूक सांगतो. दोन वर्षं माझ्या तळव्यांना मुंग्या येत होत्या. सगळ्या मागांपाशी. मी म्हटलं, मालकानं यंदा बेअरिंग हलकी आणलीत. मी मालकाशी भांडलो. मालक आमचा तेलुगू घरातला, वयानं माझ्यापेक्षा लहान, भला माणूस. तो म्हणाला, "जॉबर, तुम्ही म्हणताय तर बदला की." मी एकेक माग खोलला. निघालेली बेअरिंग हातात घेऊन फिरवून बघितली तर ती चांगली गुळगुळीत फिरायची. तरी मी बदलली. पाय सांगतोय म्हटल्यावर हाताचं कोण ऐकतो?

मग त्या वर्षी उन्हाळ्यात मुंग्या थांबल्या. मी खूश. विणकरांना म्हटलं, "बघा, आता कसे चालायलेत." सगळे माग गार, शांत, गादीवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. एका विणकरानं मला दोनदा सांगितलं की चार नंबरचा माग ठोकायलाय. मी जाऊन उभा राहिलो, टाच टेकवली, डोळे मिटले. काही नाही. "तुझंच डोकं ठोकायलंय बे," म्हणून हसून निघून आलो.

त्याच दिवशी दुपारी चार नंबरच्या मागाचा धोटा उडाला. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांना सांगतो, धोटा म्हणजे हातभर लांबीचं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. तो विणकराच्या कानाजवळनं गेला आणि खिडकीच्या गजात जाऊन अडकला. विणकर खाली बसला तो बसलाच. मालकानं मेन स्विच पाडला. चोवीस माग थांबले. अशी शांतता आमच्या शेडमधे फक्त वीज गेल्यावर असते.

त्या शांततेत मालक म्हणाला, "जॉबर, हे रक्त कुणाचं?"

फरशीवर पावलं उमटली होती. नुसती डाव्या पायाची. चार नंबरपासून निघून पाण्याच्या माठाकडं, तिथनं सात नंबरकडं, तिथनं परत चार नंबरकडं. मी म्हटलं, "कुणाला लागलं बे? बोला की." सगळे माझ्या पायाकडं बघायले होते. मी परत म्हटलं, "माझं नव्हे हे." आणि म्हणत असतानाच एक पाऊल मागं सरलो, तर तिथं नवीन पाऊल उमटलं.

तळवा वर करून बघितला. फणीची तार घुसली होती. फणी म्हणजे विणलेला दोरा ठोकून बसवणारी लोखंडी कंगवी, तिची तुटकी तार, बोटभर. तिच्या भोवतीची कातडी काळी पडली होती आणि कडेला जुना पू होता. म्हणजे ती आजची नव्हती. चार दिवसांपूर्वी मी एक तुटकी फणी बदलली होती. चार दिवस मी ती तार पायात घेऊन फिरलो, जेवलो, आंघोळ केली, मारुतीला जाऊन आलो. आणि मला कळलं नाही. ज्या पायाला पट्टा बोटभर सैल झालेला कळायचा, त्या पायाला अख्खी तार कळली नाही.

मी तार उपटली. दुखलं नाही. त्याचीच मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा दुखलं नाही म्हणून घाबरलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर तीनशेच्या वर. मी म्हटलं, मशीन बिघडलंय, मी राबणारा माणूस, मला कशी साखर होईल, ती गादीवर बसणाऱ्यांना होते. त्यांनी दुसऱ्या मशीनवर तपासलं. तेवढीच. मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि पायाला कशानं तरी टोचायला लागले. "टोचलं की सांगा," म्हणाले. मी वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं म्हटलं, "करा की सुरू." ते म्हणाले, "झालं, आजोबा."

मग त्यांनी सरळ सांगितलं. साखरेनं पायाच्या नसा मेल्यात. आधी मुंग्या, मग काहीच नाही, असंच होत जातं. जखम आतपर्यंत गेलीय, अंगठ्याशेजारचं बोट काळं पडायलंय. "आजपासून इन्सुलिन. साखर उतरली नाही तर बोट काढावं लागेल. आणि ते बोटावरच थांबेल असं मी सांगत नाही."

मी म्हटलं, "गोळ्या द्या. किती पण द्या. सुई न्हाय."

"का?"

"माझा थोरला भाऊ सुईनं गेला. सुई चालू केली आणि पाय गेला, मग तो गेला."

हे मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. चाळीत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात. कुणाला डॉक्टरांनी सुई सांगितली की माझ्याकडं यायचे. मी म्हणायचो, साखरेनं माणूस मरत नाही, सुईनं मरतो. डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, सुईचं पेन पण लिहून दिलं, आणि म्हणाले, "आठ दिवसांनी या. तोवर रोज पट्टी बदला. आणि घरच्यांना घेऊन या."

घरचे म्हणजे मुलगा आणि सून. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात, पहाटेच्या गाडीनं जातो, त्याला वेळ नाही. राहिली सून. ती इथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. लग्न झालं तेव्हा मी या नोकरीला आडवा आलो होतो. तिथं उंदराच्या मांसाचे बारीक कण, तिच्या भाषेत पेशी, बशीत वाढवतात, त्यांना वेळेवर खायला घालायचं, पाणी बदलायचं. मी पाहुण्यांना सांगायचो, आमची सून उंदराच्या मांसाला जेवायला घालती. ती ऐकायची आणि गप्प राहायची. पण तिनं नोकरी सोडली नाही, आणि मी पण टोमणा सोडला नाही.

पट्टी तीच बदलायची. तीन दिवस तिनं काही म्हटलं नाही. पेन आणून फ्रिजमधे शेंगाचटणीच्या डब्याशेजारी ठेवलं होतं, ते मला रोज दिसायचं. चौथ्या दिवशी पट्टी सोडता सोडता म्हणाली, "मामा, बोट कालच्यापेक्षा काळं हाय."

"व्हय."

"तुमच्या रक्तात साखर लई झालीय, आणि अंग उपाशी हाय. म्हणून जखम भरंना."

मला राग आला. "काय तरी बोलू नको. साखर लई, आणि उपाशी? दारात पोती पडली असताना घरात कोण उपाशी राहतं?"

"दार उघडलं न्हाय तर राहतं की."

"मग उघड म्हणावं दार."

"दार भिंतीत नसतं, मामा. ते आत असतं, गुंडाळून ठेवलेलं. साखर आली की आतनं भिंतीपर्यंत आणून बसवावं लागतं."

"कोण आणतं?"

"दोऱ्यांवरनं येतं."

मी पाय मागं ओढला. "कसले दोरे?"

"पेशीच्या आत दोरे असतात. सगळा सांगाडाच दोऱ्यांचा. जाड दोरे आतनं बाहेर जाणाऱ्या रस्त्यासारखे, आणि कडेला बारीक दोऱ्यांची जाळी."

"तू मला विणकर म्हणून गोष्ट करून सांगायलीस. पोराला चिऊकाऊची सांगतात तशी."

तिला पण राग आला. पट्टीची गाठ तिनं जरा जास्तच आवळली. "गोष्ट न्हाय. मी रोज बघते."

"मग दाखव. जॉबर खोलून बघितल्याबिगर मानत न्हाय."

मला वाटलं, आता गप्प बसेल. ती म्हणाली, "शनिवारी चला."

शनिवारी ती मला स्कूटीवर घेऊन गेली. दारात चप्पल काढायची आणि तिथल्या रबरी सपाता घालायच्या, असा नियम. मी चप्पल काढली आणि अनवाणीच आत निघालो. पन्नास वर्षांची खोड. तिनं मला दंडाला धरून थांबवलं. "मामा, आता अनवाणी कुटंच न्हाय." खाली बसून पट्टीच्या पायात सपाता चढवली. तिथं दुसऱ्या पोरी होत्या, त्या बघायल्या होत्या. मला लाज वाटली, पण तिला वाटली नाही.

तिच्या मॅडमनी अर्ध्या तासाची परवानगी दिली होती. त्या एका कोपऱ्यात त्यांचं काम करत बसल्या. खोली थंड, दिवे कमी. एक मोठी दुर्बीण, आणि तिला जोडलेला टीव्हीसारखा पडदा. सून म्हणाली, "ह्या उंदराच्या स्नायूच्या पेशी. एकाच वेळी तीन थाळ्या तयार केल्या. दोऱ्यांना हिरवा रंग लावलाय आणि साखरेच्या दारांना लाल. सुरुवातीला तिन्ही सारख्याच. ही पहिली."

पडदा उजळला.

काळ्या पडद्यावर हिरवे दोरे. एकेक पेशी लांबट, आणि तिच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे दोरे, एकाशेजारी एक, ताणलेले. बीमवरनं, म्हणजे दोरे गुंडाळलेल्या मोठ्या रुळावरनं, ताणा सोडल्यावर माग लावायच्या आधी जसा दिसतो तसा. कुठं ढिला नाही, कुठं गुंता नाही. चौपन्न वर्षं मी ताणे बघितलेत, पण इतका सरळ ताणा नाही बघितला. माझ्या तोंडातनं काय निघालं माहीत आहे? "किती नंबरचं सूत हे?"

सून हसली. "ह्याला नंबर न्हाय, मामा. केस उभा चिरून त्याचे हजारो भाग केले तर त्यातला एक."

"विणलं कुणी?"

"कुणी न्हाय. आपोआप. जोडतं, सुटतं, परत जोडतं. दिवसभर."

"माझ्या अंगात पण?"

"सगळ्यांच्या. आत्ता, बोलता बोलता."

मी माझ्या हाताकडं बघितलं. मनगटावर शिरा, धोट्याचे जुने वण, सुरकुत्या. एकाहत्तर वर्षं हा हात माझा, आणि आत हा कारखाना चालू होता, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मागांच्या नाड्या बघत फिरत होतो.

"शाबास," मी पडद्याला म्हटलं. "एक दोरा तुटलेला न्हाय." लाल ठिपके कुठं आहेत म्हणून विचारलं. ते सगळे पेशीच्या मधोमध गोळा होऊन बसले होते, दुपारच्या सुट्टीत विणकर बसतात तसे.

"ही दुसरी," ती म्हणाली. "हिला इन्सुलिन घातलंय."

दुसऱ्या थाळीत लाल ठिपके मधोमध नव्हते. कडेला जाऊन बसले होते, शिवणीच्या टाक्यासारखे ओळीनं. आणि कडेची हिरवी जाळी पहिल्यासारखी सरळ राहिली नव्हती. जागोजाग विस्कटून वर आली होती, झालरीसारखी.

"हितं तर जाळी उसवलीय," मी म्हटलं.

"व्हय. इन्सुलिन बाहेरनं आलं, भिंतीवर हाक मारली, आत निरोप गेला. मग दारं दोऱ्यावरनं कडेला आली, आणि कडेची जाळी हालली, परत नवीन जुळली. तेव्हा दार भिंतीत बसलं."

मी बराच वेळ बघितलं. मग म्हटलं, "म्हणजे नुसता ताणा असून भागत न्हाय. हालला पायजे. उसवणं पण कामच हाय."

ती माझ्याकडं वळली. "मॅडम, ऐकलं का?" कोपऱ्यातनं मॅडम म्हणाल्या, "ऐकलं. हे पोरांना शिकवायला माझं अर्धं वर्ष जातं." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तेवढा वेळ मी बोट विसरलो होतो.

"आता तिसरी."

तिसऱ्या थाळीत हिरवं होतं, पण दोरे नव्हते. झाडून टाकलेला कचरा असतो तसे तुकडे. गाठी, ठिपके, गोळे. शेडमधे आग लागल्यावर मी एकदा जळके बीम बघितले होते, त्याची आठवण झाली. लाल ठिपके परत मधोमध, मुकाट्यानं बसलेले.

"हिला इन्सुलिन न्हाय घातलेलं," मी म्हटलं.

"घातलंय. दुसरीला जेवढं तेवढंच. फक्त आधी दोरे तोडायचं औषध घातलं."

"साखर?"

"बाहेर पडून हाय. आत फार थोडी गेली."

"हाक ऐकू आली?"

"आली असणार. पण यायचं कशावरनं?"

मी विचारलं, "माझं अंग हे असं झालंय?"

"न्हाय," ती म्हणाली. "तुमचे दोरे हाईत. पण निरोप आत नीट पोचत न्हाय, कडेची जाळी पायजे तेवढी हालत न्हाय. का हालत न्हाय ते सगळं आम्हालाही कळलेलं न्हाय. त्यासाठीच ह्या थाळ्या. पण एवढं ठाऊक हाय की हाक मोठी मारली तर अजून ऐकतात. सुई म्हणजे ती मोठी हाक."

"आणि हाक मारायचीच न्हाय म्हटलं तर? कुणी मारत होता, आणि सोडली तर?"

तिनं बटण दाबलं. पहिली थाळी परत पडद्यावर आली.

"मग हे. हिला इन्सुलिन घातलेलंच न्हाय."

तेच दोरे. तोच सरळ, ताणलेला, सुंदर ताणा. एक दोरा तुटलेला नाही. आणि लाल ठिपके मधोमध, गोळा होऊन. मघाशी याच थाळीला मी शाबास म्हणालो होतो.

मी उठलो. म्हटलं, "चल घरी." ती म्हणाली, "मामा, अजून दहा मिनिटं आहेत." मी म्हटलं, "चल."

स्कूटीवर तिला वाटलं मी बोटाला घाबरलो. तिला काय माहीत. हे कुणालाच माहीत नव्हतं, असं तेव्हा मला वाटत होतं.

माझा थोरला भाऊ चादरीच्या मागावर होता. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. पण यंत्रातलं काही असलं की तो मला विचारायचा, आणि मी सांगेन ते करायचा. घरातला पंखा असो, सायकल असो. त्याला साखर झाली, टाचेला जखम झाली, डॉक्टरांनी सुई सांगितली. त्यानं सुरू केली. महिनाभर घेतली. आणि जखम सुकायला लागली होती. हे मी अकरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. सुकायला लागली होती. त्यानं मला टाच वर करून दाखवली होती, खपली धरलेली.

तेव्हा मी चहा पीत म्हटलं, "आता सोड. सवय लागती. इंजिनाला एकदा धक्का मारून चालू करायची सवय लागली की रोज धक्का मारावा लागतो. आपलं इंजिन आपण चालवावं." जॉबरचं बोलणं. त्यानं इन्सुलिनची बाटली फळीवर ठेवली ती परत काढली नाही. तीन महिन्यांत पाय गेला. दिवाळीपर्यंत तो गेला.

आणि मग मी सगळ्यांना सांगत सुटलो की सुईनं गेला. आधी सांगताना मला ठाऊक होतं की पूर्ण खरं नाही. नंतर सांगून सांगून तेच खरं झालं. त्या दिवशी स्कूटीवर मागं बसून मी आठवायला लागलो की माझं ऐकून आणखी किती जणांनी सुई सोडली असेल. टपरीवरचा एक. मेव्हण्याचा शेजारी. आमच्याच चाळीतली एक बाई, तिचे डोळे गेले. मी आठवायचं थांबवलं, पण आठवणं थांबत नव्हतं.

थोरल्याचे दोरे चांगले होते. हाक मारत होती ती सुई, आणि ते ऐकत होते. ती हाक मी बंद केली.

घरी येऊन पायरीवर बसलो. सूनबाईनं चहा दिला, बिनसाखरेचा. मी घेतला. पुढं काय झालं विचाराल तर बोट गेलं, पाय राहिला. पण ते नंतरचं. मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

माझी वहिनी, थोरल्याची बायको, त्याच चाळीत समोरच्या खोलीत राहते. सकाळी उंबऱ्यापुढं सडा टाकते, रांगोळीचे चार ठिपके काढते. मी सुनेला म्हटलं, "ते पेन आण फ्रिजमधलं." तिनं आणलं, पण आमच्या दारात थांबली. मी चप्पल घातली. अंगण ओलांडून वहिनीच्या पायरीवर जाऊन बसलो.

"भावजी, सकाळीच?" वहिनी म्हणाली. मग माझ्या हातातलं पेन बघितलं, आणि रांगोळीचा डबा खाली ठेवला.

मी म्हटलं, "वहिनी, त्याला सुई सोडायला मी सांगितलं होतं. जखम सुकत होती. मी सांगितलं सोड."

वाटलं, ती रडेल, नाहीतर उठून आत जाईल, दार लावून घेईल. तिनं पदरानं हाताची रांगोळी पुसली.

"मला म्हाईत हाय की," ती म्हणाली.

मला ऐकू आलं, पण कळेना. "कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. शेवटच्या आठवड्यात. म्हणाले, धाकट्याला कधी बोलू नको, त्याला सोसायचं न्हाय."

अकरा वर्षं. अकरा वर्षं ती माझ्यासमोर बसायची, आणि मी पाहुण्यांना सांगायचो की सुईनं गेला, आणि ती पानावर भाकरी वाढायची. एकदा पण माझ्याकडं बघितलं नाही तिनं, आणि मी कधी विचार केला नाही की का बघत नाही.

"तुमी बोलायचं होतं की," मी म्हटलं.

"बोलले असते तर तुमी ऐकलं असतं?" ती म्हणाली. "आता घ्या. गार हाय तवर टोचून घ्या, कशाला धरून बसलाय."

सून अंगणातनं आली. पेनावर किती घ्यायचं त्याचा आकडा लावून दिला, सदरा वर धरला, पोटाची कातडी चिमटीत कशी धरायची ते दाखवलं. मी तिचा हात बाजूला केला आणि माझ्या हातानं टोचली. दुखलं. पायाला तार कळली नव्हती, पण ही केसाएवढी सुई कळली, आणि त्याचं मला फार बरं वाटलं.

"लगेच काढू नका, मामा," सून म्हणाली. "दहा मोजा."

मी मोजायला लागलो. एक, दोन. तीनला माझ्या लक्षात आलं की वहिनीचे पण ओठ हलतायत. त्या महिन्याभरात थोरल्याला सुई तीच देत होती, आणि किती मोजायचं ते तिला आधीपासून माहीत होतं.